हर्षदाच्या गोळ्या, रूपेशच्या कोंबड्या

कोंबड्यांबद्दल कुणी काही विचारावं आणि रूपेशला उत्तर येऊ नये, हे शक्यच नव्हतं. निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं! मोखाड्याला तीन दिवसांचं कुक्कुटपालन प्रशिक्षण घेऊन आल्यापासून तो सूर्यमाळकडच्या आपल्या पाड्यावर कोंबडीला 'पक्षी' म्हणायला लागला होता. आल्या आल्या त्याने फर्मान काढलं, "आजपासून पक्ष्यांला खरकटं बंद! फक्त शास्त्रशुद्ध खाद्य!" वर अंगणवाडीला अंडी पुरवायचा शब्दही देऊन बसला. त्याच्या आईने, माघीने, नुसतं नाक मुरडलं.

आठवड्याभरात शास्त्राने इंगा दाखवला. सकाळी खुराड्यात हात घातला, तर हाताला काहीतरी लिबलिबीत लागलं. अंडं! पण कवचच नाही, नुसती पातळ कातडी. उचलायला गेला तर बोटांतून निसटलं. दुसऱ्या दिवशी तशीच तीन!

प्रशिक्षणाच्या वहीत लिहिलं होतं, मऊ कवच म्हणजे कॅल्शियम कमी. मोखाड्यातला दुकानदार म्हणाला, "कोंबड्यांचं कॅल्शियम पुढच्या आठवड्यात येईल." तोवर काय करायचं? तेवढ्यात त्याची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. त्याची बायको हर्षदा सात महिन्यांची गरोदर होती आणि आरोग्य केंद्राच्या आशाताई कविताने कालच तिला कॅल्शियमच्या तीन पट्ट्या आणून दिल्या होत्या.

"एकच पट्टी घेतो," रूपेशने स्वतःची समजूत घातली. गोळ्या कुटल्या, नागलीच्या पिठात कालवल्या आणि कोंबड्यांपुढे ठेवल्या. पाचव्या दिवशी तिन्ही पट्ट्या संपल्या होत्या. पण अंडी कशी? टणक! रूपेशची छाती फुगली आणि त्याच छातीत धडधडायलाही लागलं. हर्षदाने विचारलं तर काय सांगायचं? ती मात्र विचारतच नव्हती. रिकामा डबा बघूनही गप्प होती. ते गप्प राहणंच त्याला खाऊ लागलं. आपलं बाळ अशक्त निपजलं तर? कोंबड्यांपायी आपण हे काय करून बसलो?

सहाव्या दिवशी कविता दारात हजर!

"हर्षदा, गोळ्या घेतेस ना गं?"

"घेते ना, ताई."

कविताने डबा उघडला. "मग यातल्या गेल्या कुठं?"

हर्षदा गांगरली. "खाल्ल्या की!"

"सगळ्या? पाच दिवसांत? अगं, पंधरा दिवसांच्या होत्या त्या!"

हर्षदाने मान खाली घातली. रूपेशला भरून आलं. बिचारी आपल्याला वाचवायला खोटं बोलतेय! त्याने तोंड उघडलं, पण कविताचा आवाज चढला होता. "रूपेश, बघतोस काय? गोळ्या जास्त झाल्यात! पळ वरच्या खडकावर, तिथं रेंज आहे. गाडी बोलव!"

रूपेश पळाला. आपणच केलेल्या चोरीपायी दवाखान्याची गाडी बोलवायची वेळ आली! फोनवर विचारलं, "पेशंटने काय खाल्लं?" तो म्हणाला, "गोळ्या." "किती?" तो म्हणाला, "तिने नाय खाल्ल्या." पलीकडच्या माणसाने पाड्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. शेवटी गाडी येते म्हणाला.

तो धापा टाकत परतला, तर अंगणात अख्खा पाडा जमलेला. शेजारची हिराबाई तर डोळ्याला पदर लावून तयार होती! आता मात्र रूपेशला राहवेना.

"ताई, तिने एक पण गोळी नाय खाल्ली! मी कोंबड्यांला घातल्या!"

कविताने हर्षदाकडे पाहिलं. "मग तू हो का म्हणालीस?"

"मना त्या घशातच उतरत नाय, ताई," हर्षदा पुटपुटली. "डबा रिकामा दिसला तवा बरंच वाटलं. नाय खाल्ल्या म्हणलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

म्हणजे ती आपल्याला नाही, स्वतःला वाचवत होती! रूपेश मटकन ओट्यावर बसला. तरी बसल्या बसल्या म्हणालाच, "पण अंडी टणक झाली ना!"

"कसली तुझी गोळी!" माघी उसळली. "कोंबड्या त्या पिठाला चोच पण लावत नव्हत्या. मी झाडून टाकायची ते. मऊ अंडी दिसल्यापासून तू शेतावर गेलास का खेकड्याची कवचं ठेचून घालायची, आधी घालायची तशीच!"

गोळ्या धड माणसाच्या पोटात नाहीत की कोंबडीच्या! रूपेशला लाजेने कुठे तोंड लपवावं कळेना.

तोवर गाडी आली. डॉक्टरीणबाई चढ चढून घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी हर्षदाला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. "दोघंही उत्तम आहेत. उद्यापासून गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत." मग त्यांचं लक्ष रूपेशच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे गेलं. त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्या ओरडल्या, "अहो, बीपी केवढं वाढलंय तुमचं! झोपा इथं!"

हर्षदाला न्यायला आणलेल्या स्ट्रेचरवर रूपेश आडवा झाला. अर्ध्या तासाने जरा उतार पडल्यावर बाईंनी गोळ्यांची पट्टी काढली. "आरोग्य केंद्रात दाखवेपर्यंत रोज एक."

त्याने हात पुढे केला, पण हर्षदाने पट्टी मधल्यामध्ये उचलली.

"यांच्याकडं नका देऊ, बाई. आमच्या कोंबड्यांला बीपी नाय!"