‘उठा’ हे गाणं अजून कुणी ऐकलेलं नाही

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी एकटीनं गायचं ठरवलं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण आमची मुलगी नुकती झोपली होती, आणि ती झोपली की मी आधी घड्याळ बघते. (ती जागी असली की घड्याळ बघायची सोय राहत नाही.)

तोवर मी धाकट्या दिरांच्या ग्रुपमध्ये गात होते. म्हणजे दीर पुढे उभे राहून गायचे आणि मी मागे उभी राहून ‘हो हो हो’ म्हणायचे. चाली जात्यावरच्या गाण्यांसारख्या आणि खाली गिटारचा दणका. याला फोक-रॉक म्हणतात हे मला नवऱ्यानं सांगितलं. माझी शाळा सातवीत सुटली, मला ते आपलं गाणंच वाटायचं. बाळंतपणानंतर परत गेले, तर माझ्या जागेवर एक मशीन. बटण दाबलं की ‘हो हो हो’.

“वहिनी, राग मानू नका,” दीर म्हणाले, “पण मशीनला मूल नाही.”

मी राग मानला नाही. घरी आले, मुलीला थोपटून झोपवलं आणि मग सावकाश मानला.

मधल्या काळात माझ्याकडे गाणी साठली होती. थोपटताना हात चालतो, डोकं रिकामं असतं, त्यात ती येऊन बसायची. एक उतू गेलेल्या दुधावर, एक वाळत न घालता राहून गेलेल्या लंगोटांवर. सगळ्यात शेवटी आलं ते ‘उठा’. घरादाराला झोप लागलीय आणि एक बाई ओरडून सांगतेय, उजाडलंय, आता तरी उठा आणि माझ्याकडे बघा. त्यात पाय आपटायचे, गिटार बडवायची, आवाज चढवत चढवत न्यायचा आणि शेवटी अशी हाक मारायची की ऐकणारा उभाच राहिला पाहिजे. ते गाणं नीट झालं तर मी गायिका, नाही तर मी मशीनच्या आधीची बाई, एवढं मला कळत होतं.

नवरा लाउडस्पीकर दुरुस्त करतो. तो जेवायला आला तेव्हा मी सांगून टाकलं.

“मी एकटी गाणार.”

“गा की. मी बाहेर थांबू?”

“तसं नाही. सोलो.”

“तू? अगं, मूल झाल्यापासून तू न्हाणीघरात तरी एकटी गेलीस का?”

हे खरं होतं. (आत्ता हे लिहितानाही ती माझ्या पदराला धरून उभी आहे.)

“गाऊ दे रे तिला,” सासूबाई आतून म्हणाल्या, “मशीनपेक्षा बरी गाते.”

त्यांच्याकडून मिळालेली ही माझी पहिली शाबासकी.

सराव फक्त ती झोपलेली असतानाच व्हायचा. आमच्या मुलीला नवरा लाडानं ‘भोंगा’ म्हणतो. एकदा वाजला की चाळभर दारं उघडतात. म्हणून मी दिरांच्या जुन्या गिटारच्या तारांखाली तिचा पायमोजा खोचला. नखाऐवजी अंगठ्याच्या गादीनं वाजवायला लागले. पाय आपटायचे ते घडी घातलेल्या गोधडीवर. आणि ‘उठा’ची ती शेवटची हाक मी तोंडावर उशी धरून कुजबुजायचे. पुऱ्या आवाजात ते गाणं मी स्वतःही कधी ऐकलं नव्हतं. हळूहळू माझा उजवा हात तारांवरही थोपटल्यासारखा पडू लागला. मला वाटलं, हात बसला.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाचा मालक शनिवारी संध्याकाळी नव्या गाणाऱ्यांना बसवतो. त्याचे स्पीकर नवराच बघतो, म्हणून त्यानं माझं ऐकून घेतलं.

“एक शनिवार देतो,” तो म्हणाला. “लोक बसून राहिले तर दर शनिवार तुमचा. उठून गेले, तर तुम्हालाच कळेल.”

शनिवारी दुकान भरलं होतं. दिवसभराचं काम करून आलेली माणसं, हातात गरम कप. दीर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. सासूबाई सगळ्यात मागे, मांडीवर भोंगा. मी पायमोजा काढून ठेवला होता, पण हात थोपटायचं विसरला नव्हता.

पहिल्या गाण्याला दुकान शांत झालं. दुसऱ्याला माना डोलू लागल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मागे स्पीकरपाशी नवरा दोन्ही तळहात जोडून त्यावर गाल टेकवून दाखवत होता. मला वाटलं, गोड गातेस म्हणतोय. (लग्नाआधी तो अशा खुणा करायचा.) मी लाजून आवाज आणखी मऊ केला. चौथ्या गाण्याला कुणीतरी खालच्या पट्टीत सूर धरला. मशीन न लावता मला साथ मिळतेय, या विचारानं माझे डोळे भरून आले.

ते दीर होते. घोरत होते.

मग मी नीट बघितलं. चष्मे नाकाच्या शेंड्यावर, माना खांद्यावर, सासूबाईंचं तोंड उघडं. मालक गल्ल्यावर कोपर टेकून उभ्या उभ्या झोपलेला. आणि माझं फक्त ‘उठा’ राहिलं होतं.

आता कुठलीही गायिका काय करील ते मला माहीत आहे. मी काय केलं ते सांगते. मी गिटार अलगद भिंतीला टेकवली. डोक्यावरचा दिवा मंद केला. कप विसळणाऱ्या मुलीला “हळू गं” म्हटलं. पहिल्या रांगेतल्या एका आजींची शाल घसरली होती, ती वर ओढली. मग चपला हातात घेऊन चवड्यांवर निघाले.

नवरा धावत आला. “अगं, कुठं? गा!”

“श्श! उठतील ना.”

“उठू देत की! त्यासाठीच बांधलंयस ना ते?”

“आत्ताच डोळा लागलाय रे त्यांचा.”

“तुला लोकांची काळजी वाटतेय की भीती?”

मी चपला खाली ठेवल्या. इतके महिने उशीत दाबलेली हाक खरंच बाहेर येईल का, आणि आली तर ती चांगली असेल का, हे मलाच ठाऊक नव्हतं. मी परत माइकपाशी गेले. सगळ्या दुकानात दोनच डोळे उघडे होते, मागच्या रांगेत. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि भोंगा वाजला.

खालून सुरू झाला, चढत गेला. लाकडी खुर्चीवर पाय आपटले. मध्ये श्वास रोखून धरला, इतका की माझा जीव कासावीस झाला. आणि मग ती हाक. मी बांधली होती तशीच, पण उशीशिवाय.

सगळं दुकान दचकून उभं राहिलं. दिवा मंद, माइकपाशी मी, तोंड उघडं. एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

मालक डोळे चोळत आला. “बाकीची हळुवार होती, पण ते शेवटचं! काय दम आहे! एक माणूस उठून गेला नाही. दर शनिवार तुमचा.”

“अहो, पण ते मी...”

नवऱ्यानं माझ्या पायावर पाय दिला.

दीर गाल पुसत म्हणाले, “वहिनी, तो शेवटचा आवाज काढलात कसा?”

“मशीनला जमायचं नाही भाऊजी,” मी म्हटलं.

तर येत्या शनिवारी ‘उठा’ मी स्वतः गाणार आहे, अगदी पहिलं, लोक जागे असताना. ओळखीपाळखीत एवढं सांगा, आणि झोप पुरी करून या म्हणावं. फक्त गेल्या शनिवारच्या त्या शेवटच्या गाण्याची फर्माईश करू नका म्हणून सांगा. त्या गायिकेचं काही खरं नसतं, आणि ती सुरू झाली की तिच्यामागे उभी राहून ‘हो हो हो’ म्हणायला अजून मीच लागते.