टाकीतलं मीठ बेपत्ता झालं त्याची हकीकत

पाणी म्हणजे जीवन हे खरं. पण जीवन गढूळ असलं तरी चालून जातं, अहवाल मात्र स्वच्छ लागतो. भूपेंद्रनानांनी हे तत्त्व दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरचं पाणी तपासता तपासता एकतीस वर्षं पाळलं आणि निवृत्तीनंतर घरी आणलं. त्यांच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तिच्यात जिवंत प्रवाळ आणि एक नारंगी मासा. आधीचे चार दगावले, म्हणून पाचव्याचं नाव चिंधा ठेवलं. (खान्देशात हा उपाय मुलांना लागू पडतो.) चिंधा तीन वर्षं तगला आणि नानांचा सगळा जीव त्याच्यात अडकला.

टाकीच्या रोज सहा तपासण्या होतात. पहाटे नानांची आई, ब्याऐंशी वर्षांच्या भिकुबाई, नमुन्याची बाटली भरून ठेवतात. नाना रसायनाचे थेंब टाकतात, रंग जुळवतात, वहीत आकडे लिहितात आणि ‘खान्देश प्रवाळ परिवार’ या मोबाइलवरच्या गटाला कळवतात. (सदस्य चार, पैकी पदाधिकारी चार.)

श्रावणातल्या त्या रविवारी घरात कानबाई देवीच्या रोटांची, म्हणजे सोवळ्यातल्या नैवेद्याची, गडबड होती. नानांनी आकडे दोनदा पाहिले. मीठ जवळपास शून्य. नायट्रेट, म्हणजे दूषित पाण्याची खूण, नेहमी पाच, आज ऐंशी.

गटाची तातडीची बैठक फोनवरच भरली. शिरपूरच्या अभिमन सरांच्या मते मीठ प्रवाळाने खाल्लं होतं. धुळ्याच्या लोटनभाऊंच्या मते मीठ आहे, पण नाराज आहे. वरणगावच्या समाधानने दृष्ट काढायला सांगितलं. (दृष्ट काढायला मीठच लागतं, हा मुद्दा पुढील बैठकीसाठी राखून ठेवला.) अशा पाण्यात जीव संध्याकाळपर्यंत टिकत नाही, यावर मात्र बठ्ठ्यांचं एकमत झालं.

नानांच्या पत्नी दिपमालाताईंनी एवढंच सुचवलं की चिंधा मजेत पोहतोय, एकदा टाकीकडेही बघा. पण माशाचं पोहणं हा ग्राह्य पुरावा नाही. ते वहीत बसत नाही.

नाना पाच किलो समुद्री मीठ घेऊन टाकीपाशी आले. ते पडलं असतं तर चिंधाचं लोणचंच झालं असतं. नानांचे डोळे भरून आले होते. "बाई, तुझ्याच हातची बाटली. चिंधा आता काही राहत नाही," ते आईला म्हणाले.

भिकुबाईंनी पिठाचे हात झटकले. "आज रोट शेतस. मासाना पानीले हात कसा लावू? ते पानी माठनं शे, भूपा. आपलं पेवानं."

नानांनी मिठाची पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी वही उघडली, माशापुढचा ऐंशीचा आकडा खोडला आणि गटाला कळवलं की धोका टळला, पाणी फक्त घरच्यांचं होतं. तिघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. बाई गेल्या वर्षभर पोटाची तक्रार करत होत्या, पण ती तोंडी होती. नानांनी माठातला तांब्या भरला, आधी आईला दिला, मग स्वतः घटाघटा प्यायले.

आता वाचक हसत असतील. हसून झालं की आपल्या घरच्या पाण्याचा शेवटचा अहवाल कधीचा, ते त्यांनी आठवून पाहावं. चटकन आठवणार नाही. तोवर घोटभर पाणी घ्यायला हरकत नाही.