सरपंचबाईंची अधिकृत सही

जगाच्या इतिहासात स्त्रियांनी राज्ये हलवली आहेत, ही गोष्ट आता पुरुषांनी एकमताने मान्य केली आहे. (ठराव झाला तेव्हा सभेत बायका नव्हत्या, त्या चहा करत होत्या.)

नव्या जिल्ह्यासाठी झटणाऱ्या आमच्या कृती समितीनेही ऐन दुष्काळात उदगिरात ‘जगातील कर्तृत्ववान स्त्रिया’ असा सोहळा ठेवला. जिल्हा हवा तर विचारही जिल्ह्याच्या लायकीचे हवेत. तसबिरी एकवीस, वक्ते अकरा, पैकी पुरुष अकरा. प्रमुख वक्ते आमचे सरपंच शंकरप्पा. (निवडून आल्या त्यांच्या पत्नी बसम्मा, पण इतक्या तपशिलात गाव जात नाही.) विषय : ‘जोन ऑफ आर्कचे बलिदान आणि आपण’.

टँकरच्या मागणीची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. गावातली शेवटची विहीर आटून नऊ दिवस झालेले. मालक भाषणाला गेलेले, म्हणून बसम्मा स्वतःच अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेल्या आणि रेवणसिद्धबाबूंसमोर सही केली. बाबूंनी फाईल काढून ती ताडून पाहिली.

“अक्का, ही सही तुमची न्हाई.”

“अवो, तुमच्या डोळ्यांदेखत केली की!”

“त्योच तर वांधा हाय. फाईलीतली तुमची सही लई झोकात हाय. चार वर्षं बघायलोय.”

“ती मालक करतेत.”

“मंग तीच खरी. त्यांना बोलवा.”

बसम्मांनी फोन लावला. “भाषण चालू हाय,” शंकरप्पा कुजबुजले, “जोनबाईला आत्ताच जाळायला घेतलंय. मधीच कसं येऊ?”

बाबूंनी माणुसकी दाखवून फाईल त्यांच्यापुढे उघडी ठेवली. बसम्मा बाकावर बसल्या आणि सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर स्वतःची सही शिकू लागल्या. तेविसाव्या खेपेला जमली.

“बघा,” बाबू शिक्का मारत म्हणाले, “मन लावलं की बाईमाणसालाबी येतंय!”

(प्रशासनाच्या दृष्टीने ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिली अस्सल सही होय.)

तिसऱ्या दिवशी टँकर आला. नारळ शंकरप्पांनी फोडला. तुम्ही होताच तिथे. ‘सरपंचांचा विजय असो’ तुम्हीच ओरडलात, आणि नळीजवळ उभ्या बसम्मांना तुम्हीच म्हणालात, “अक्का, जरा बाजूला व्हा. सरपंच दिसंनात.”