कंट्रोलचा पिंड

दशरथकाकांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही तर मला सांगा, असं मी घरातून निघतानाच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मी एम.एस्सी. झूलॉजी आहे. हाटकेश भागातल्या एका क्लासमध्ये नववीच्या पोरांना सजीवांची लक्षणं शिकवतो. कावळा माझ्याच विषयात येतो.

भाईंदरच्या खाडीकाठी पिंड मांडला. काकांच्या आवडीची जिलेबी वर ठेवली. कावळे समोरच्या भिंतीवर सोसायटीच्या मीटिंगला आल्यासारखे बसले. हजर सगळे, पुढे कोणी येईना.

माझा चुलतभाऊ नीलेश हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला नीट सांभाळीन."

कावळे ढिम्म.

"बाबा, सिल्व्हर पार्कचा फ्लॅट विकणार नाही."

एक कावळा पाठ फिरवून बसला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. चालतं."

"मला खराच पाहिजे," उर्मिलाकाकू म्हणाली. "ते माझ्यावर रागावलेत."

शेवटच्या संध्याकाळी काकांनी जिलेबी मागितली होती. शुगर वाढलेली, म्हणून काकूने दिली नाही. सकाळी काका उठलेच नाहीत. तेव्हापासून तिला ना झोप होती ना जेवण.

मी पुढे सरसावलो. "काकू, कावळा सजीव आहे. भूक लागली की खातो, पोट भरलं की खात नाही. त्याला काकांचा राग कसा कळणार? हे सकाळपासून लोकांचे पिंड खाऊन टम्म झालेत. सिद्ध करून दाखवतो."

"इथे?" नीलेश म्हणाला.

"शास्त्रज्ञ असंच करतात. दोन पिंड. बाकी सगळं सारखं, फरक एकच. हा काकांचा, तो कोणाचाच नाही, नुसता तुलनेसाठी. त्याला कंट्रोल म्हणतात. कावळ्यांनी दोन्ही सोडले की काका सुटले आरोपातून."

उरलेल्या भाताचा पिंड वळला, वर जिलेबी ठेवली आणि थोडा लांब मांडला. निरीक्षण जवळून व्हावं म्हणून मी मोबाइल रोखून काकांच्या पिंडाशेजारी उकिडवा बसलो.

बाजूच्या कार्याला आलेल्या एका गृहस्थाने हळूच विचारलं, "वो दूसरा किसका है?"

"कंट्रोल है."

"अच्छा. उमर क्या थी?"

उत्तर द्यायच्या आत कावळा कंट्रोलवर उतरला. जिलेबीसकट पिंड उरकला.

"एका रीडिंगवर जाऊ नका," मी म्हणालो आणि त्याच जागी दुसरा पिंड ठेवला. तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी तर मी परत काकांच्या पिंडाशेजारी येऊन बसायच्या आत फडशा पडला. भात संपला.

"म्हणजे भूक होती त्यांना," काकू म्हणाली.

"हो."

"फक्त ह्यांचा नको होता."

"रीडिंग तरी तेच सांगतायत."

काकू रडली नाही. नुसती मान हलवली, नापास झालेली पोरं हलवतात तशी. इतके दिवस तिला फक्त संशय होता. मी तिला पुरावा मिळवून दिला.

नीलेशने माझी कॉलर धरली आणि मला पार रिक्षापर्यंत मागे ओढत नेलं. "पऱ्या, बापाचं कार्य आहे हे. प्रॅक्टिकल नाही."

तिकडे काकू उठली. पिंडावरची जिलेबी तिने उचलून घेतली.

"अहो, तेव्हा नाही म्हटलं, आजही नाहीच. जगवायचं होतं मला तुम्हाला. रागवायचं तर रागवा."

ती दोन पावलं मागे झाली आणि कावळा आला. पिंडाला चोच मारली, मग भात खाल्ला, मग बाकीच्यांना बोलावलं.

इथे एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. जिलेबी गेली, काकू बोलली, आणि पिंडाशेजारचा माणूस हटला. अशा प्रयोगातून निष्कर्ष काढता येत नाही, हे मी परतताना काकूला समजावणार होतो. पण ती रिक्षात नीलेशच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती.

नीलेशने मात्र निष्कर्ष काढलाय. तेराव्याला मला बोलावणं आहे, पण कावळ्याचं पान संपेपर्यंत खाली गेटपाशी थांबायचं आहे.