स्वयंसंघटन, अर्थात मागचं दार

पत्राला उत्तर न देणं हा परिस्थितीशी जुळवून घेण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. तेरखेड्याच्या गिरिजाबाईंच्या पत्राशी मी दिवाळीपासून असंच जुळवून घेत होतो.

मी धाराशिवचा निवृत्त ग्रंथपाल. गिरिजाबाई कामाला आहेत त्या, उमाशंकरअप्पांच्या फटाका कारखान्याचा इंग्रजी अहवाल मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं (दुसरं कुणी तयार झालं नसावं). पुण्याच्या तज्ज्ञांनी कारखान्याला जटिलताशास्त्र लावलं होतं. शास्त्र थोर आहे. मुंग्यांना मुकादम नसतो, तरी वारूळ उभं राहतं; तसाच कारखानाही आपोआप सावरतो. पुरावे होतेच. पंखा बंद पडला तेव्हा बायका पदरानं वारा घेऊ लागल्या. हे अनुकूलन. मागच्या दाराशी खोक्यांची थप्पी लागली, तेव्हा त्या पुढच्या दाराकडे सरकून बसल्या. हे उच्च प्रतीचं अनुकूलन. (खोक्यांतल्या दारूनं जुळवून घेतलं की नाही, ते समजलं नाही, तिला नमुन्यात धरलं नव्हतं.) निष्कर्ष असा, की खोकी हलवू नयेत आणि कामगारांच्या स्वयंसंघटनाला वाव द्यावा.

'सेल्फ-ऑर्गनायझेशन'साठी स्वयंसंघटन हा शब्द मी भीतभीतच योजला होता. अहवाल भिंतीवर लागला आणि आठवड्यात बायकांनी संघटना काढली. मागणी एकच, मागचं दार मोकळं करा.

"अवो बाई, ते मुंग्यांचं हाय!" अप्पा ओरडले.

"मग मुंग्या तरी एकाच दारानं जात्यात व्हय, अप्पा?" गिरिजाबाई म्हणाल्या.

अप्पांनी अनुवाद चुकल्याचं जाहीर केलं. म्हणून हे पत्र. "सर, त्या शब्दाचा अर्थ संघटनाच ना? तुम्ही तसं लिहून दिलं तर दार मोकळं करतो, असं अप्पा म्हणत्यात. लवकर कळवा. खोकी वाढायलीत."

मी कोश पाहिले. अर्थ तो नव्हता. शास्त्राशी प्रतारणा कशी करावी, याचा विचार मी पंख्याखाली बसून केला. बराच केला.

काल घरमालकानं माझ्या दाराशी सिमेंटची पोती रचली. मी अंग चोरून बाहेर पडलो (हेही अनुकूलनच), आणि अहवालात आपली जागा कुठं आहे ते मला कळलं.

आज कार्ड लिहिलं. "गिरिजाबाई, अर्थ तोच आहे. कुणा सुशिक्षित वाचकाला शास्त्रशुद्ध अर्थ हवाच असेल, तर त्यांना खोक्यांच्या बाजूला बसवावं आणि सावकाश समजावून सांगावं."

सही केली, आणि विचार बदलायच्या आत कार्ड पेटीत टाकलं.