त्रेचाळिसाव्या पानावरची तलवार

वाचनालयातल्या एका पुस्तकातली तलवार बुधवारी माझ्याकडे धार लावायला आली.

ग्रंथपाल कुमुदताई ती वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या. त्रेचाळिसाव्या पानातून पडली म्हणाल्या. सोबत चिठ्ठी होती, खाली राजवाड्याचा शिक्का. धार गेली आहे, शुक्रवारी न्यायला माणूस येईल, एवढंच लिहिलेलं. मी आधी पुस्तक मागितलं. काम कुणाचं ते बघितल्याशिवाय मी साधा विळासुद्धा हातात घेत नाही.

माझी शाळा चौथीत सुटली. ओळीखाली बोट धरून वाचावं लागतं. गोष्ट विलायतेच्या जुन्या राजाची होती, पण लिहिणाऱ्यानं ती उचलून आभाळात नेली होती. तलवार दगडात रुतलेली आणि दगड ताऱ्यांच्या मधे तरंगतोय. सरदार गोल टेबलाभोवती बसतात आणि टेबलच उडतं. जादूगार आहे, तोही पत्र्याचा. तलवारीच्या मुठीवर अंगठा ठेवायचा. खऱ्या राजाचा असला तरच ती दगडातून निघणार, दुसऱ्या कुणालाही निघणार नाही. म्हणून अंगठा लावून बघायला दगडापाशी लोकांची ही लांब रांग.

मग माझ्या दारात कशी आली? तिथंच मला वास आला.

अंगठ्याचा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. रेशन दुकानातलं मशीन चार महिने माझा अंगठा घेत नव्हतं. जन्मभर घण मारला, रेघा राहतील कुठून? दुकानदार बबन सगळ्या रांगेसमोर विचारायचा, "गेणूतात्या, अंगठा कुठं गहाण टाकलात?" घरी मी एकटा. डब्यात ज्वारी आठ दिवसांची उरली होती.

तरी धार चोख लावली. कामात खोट नाही करत मी.

शुक्रवारी दुपारी पत्र्याचा जादूगार आला. कुमुदताईंनी त्याला रिक्षातून आणला. तो आल्या आल्या ऐरणीवर बसायला गेला, त्याला उठवला. ऐरणीवर बसत नाहीत, एवढंही शिकवलं नव्हतं.

"दगडातून काढली कुणी?" मी विचारलं.

"धार लावायला काढता येते," तो म्हणाला. "राज्य करायला येत नाही."

लोकांना मग उन्हातान्हात रांगेत कशाला उभं करता, असं विचारलं तर म्हणाला, तो विषय त्याच्याकडे नाही.

त्यानं बिल मागितलं. मी सांगितलं, माझ्या बापानं कुणाला बिल दिलं नाही, मीही देत नाही. लोहार हत्यार बघतो, गाव त्याला धान्य घालतं. त्याला बलुतं म्हणतात. तुम्ही परगावचे, तेव्हा आधी धान्य, मग तलवार. त्याला ते पटलं. फक्त नोंदीसाठी मुठीवर अंगठा ठेवा म्हणाला. उपयोग नाही, मी म्हटलं. तो ऐकेना. ठेवला.

मुठीत हिरवा दिवा लागला.

"जुळला," जादूगार म्हणाला. "राजा अजून ठरायचा आहे, म्हणून अंगठ्याची जागा कोरी ठेवली होती. तुमचा अंगठा कोरा आहे."

कुमुदताई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना बसा म्हटलं.

"राजाला धान्य मिळतं का?" मी विचारलं.

"राजा धान्य वाटतो."

"आणि लोहाराला?"

"महिन्याला दहा किलो ज्वारी."

"मग लोहार लिहा."

त्यानं लिहिलं. मी बोट धरून दोनदा वाचलं, शिक्का नीट उमटलाय का पाहिलं आणि मग तलवार दिली.

तेव्हापासून पाच तारखेला मी वाचनालयात जातो. कुमुदताई त्रेचाळिसावं पान उघडून देतात. दगडात परत रुतलेल्या तलवारीच्या मुठीवर अंगठा ठेवला की दिवा लागतो आणि पोतं येतं. दगडापाशी ती रांग अजून उभीच आहे. त्यातली एक म्हातारी मला दर वेळी, काय ते एकदा राज्य घेऊन टाका, आमची सुटका करा म्हणते. मी त्यात पडत नाही. मी घरचा तराजू नेलेला असतो, तिथंच मापून घेतो.

या महिन्यात ज्वारी पाव किलो कमी भरली.

मी तलवार दगडातून उपसली आणि घरी घेऊन आलो. रांगेतले सगळे गुडघ्यावर बसले, बसू देत. पाव किलो आली की जागेवर लावून येईन. तोवर कुमुदताई ते पुस्तक बेचाळिसाव्या पानापर्यंतच वाचायला देतात.