वॉशर गेलाय, नक्की?

"नळाचं मी बघतो," असं गुरुजी म्हणाले आणि काकूंनी बंद केलेली बॅग तशीच सोडून पलंगावर बसकण मारली.

"बघतो म्हणजे काय करणार?"

"प्लंबरला बोलावणार. नळ दाखवणार."

"आणि?"

"आणि काय?"

"आणि गप्प बसणार," काकू म्हणाल्या. "अहो, ऐकताय ना? नळ दाखवायचा आणि गप्प बसायचं. त्याला शिकवायचं नाही."

गुरुजींनी मान डोलावली. लग्नापासून ते काकूंसमोर अशीच मान डोलवत आले होते, त्यामुळे काकूंचं समाधान काही झालं नाही. पण गाडीची वेळ झाली होती.

काकू निघाल्या होत्या थोरल्या बहिणीला आणायला. या बहिणीला सगळे ताई म्हणत. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांच्या घरात जिने फार, म्हणून महिनाभर त्या इथे राहायला येणार होत्या. याआधी त्या इथे एकदाच आल्या होत्या, फार वर्षांपूर्वी, तेही एका दिवसासाठी. जाताना म्हणाल्या होत्या, "घर छान आहे गं तुमचं. फक्त त्यातलं काही चालत नाही." ते वाक्य काकूंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. तेव्हापासून घरात दिवा गेला, खिडकी अडकली, दार कुरकुरलं की काकू आधी ताईंना आठवत आणि मग माणसाला बोलावत.

आता शनिवारी दुपारी ताई येणार आणि न्हाणीघरातला नळ रात्रंदिवस टप टप करत होता.

"तिच्या कानावर एक थेंब पडता कामा नये," दारातून वळून काकूंनी बजावलं आणि त्या गेल्या.

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. फार चांगले शिक्षक. मुलांवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. खोड म्हणाल तर एकच. मुलाने उत्तर दिलं की गुरुजी शांतपणे विचारत, "नक्की?" उत्तर बरोबर असो की चूक, चेहरा तोच, आवाज तोच. मुलाला आपल्या उत्तराची खात्री वाटली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. जो ठाम राहून "नक्की, गुरुजी" म्हणेल त्याच्या पाठीवर थाप पडे आणि "शाब्बास!" मिळे. पण असे वीर वर्गात एकदोनच. बाकीच्यांचं व्हायचं असं:

"सात चोक अठ्ठावीस."

"नक्की?"

"एकोणतीस?"

"नक्की?"

"तीस, गुरुजी?"

गुरुजींचाही धीर मोठा आणि मुलांचाही, त्यामुळे घंटा होईपर्यंत आकडा बराच वर चढलेला असे.

काकूंची गाडी सुटताच गुरुजींनी प्लंबरला फोन लावला.

"आलोच गुरुजी! तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे."

गुरुजी दार उघडं टाकून खिडकीत उभे राहिले. तिथून गल्लीचं तोंड स्पष्ट दिसत असे. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. संध्याकाळी ते उठून गेलं. मग तिथे कुणीच उरलं नाही.

प्लंबर उगवला दुसऱ्या दिवशी सकाळी.

"काल गल्लीच्या तोंडाशी होतास ना रे?"

"होतो की. दुसऱ्या गल्लीच्या." प्लंबर चपला काढत म्हणाला. भरदार माणूस, आवाजही भरदार. न्हाणीघरात शिरताच त्याने नळाकडे एक नजर टाकली, भिंतीकडे दुसरी आणि निकाल दिला, "काही नाही, वॉशर गेलाय. आत्ता बदलतो."

गुरुजींना काकूंचं बोलणं आठवत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटलेही होते. पण समोर एक माणूस उत्तर देऊन उभा आहे आणि आपण काही विचारायचं नाही, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"नक्की?"

पाना हातात घेतलेला प्लंबर थबकला. तोही कधीकाळी कुठल्यातरी शाळेत होता, आणि पाटीवरचं बरोबर उत्तर थुंकी लावून पुसणाऱ्यांतला होता.

"म्हणजे... वॉशर नसेल तर मग आतला स्पिंडल असेल."

"नक्की?"

"तसं बघायला गेलं तर," प्लंबरने भिंतीला कान लावला, "आवाज आतून येतोय. भिंतीतला पाइपच गेला असणार. बरं झालं विचारलंत!"

गुरुजींचा चेहरा उजळला. आपल्यामुळे एक माणूस विचार करायला लागला, याहून मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. ते तिसऱ्यांदा विचारणार एवढ्यात प्लंबरने छिन्नीवर हातोडी मारली.

दोन फरशा फुटल्या, तिसरीला तडा गेला, मग विटांचा चुरा पडला आणि आतला पाइप दिसला. पाइप ठणठणीत होता. पण तो ठणठणीत आहे हे कळेपर्यंत छिन्नीचा एक घाव त्याच्यावर बसून गेला होता. त्यानंतर तो ठणठणीत राहिला नाही. पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट गुरुजींच्या चष्म्यावर.

"कॉक! घराचा मेन कॉक कुठाय?" प्लंबर ओरडला.

"स्वयंपाकघरात. ओट्याखाली."

प्लंबर धावला आणि धावतच परत आला. "ओट्याखाली कपाट आहे!"

"कपाटाच्या मागे असेल."

"कपाटाच्या मागे कॉक? कुठल्या शहाण्याने केलं हे?"

तो शहाणा शेजारीच दुकान थाटून बसलेला सुतार होता. आणि सगळ्या कारागिरांत न बोलावता आलेला तो पहिलाच, कारण पाणी त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यातून आत शिरलं होतं.

"गुरुजी, माझं प्लायवूड भिजलं!" तो दारातूनच ओरडला. "हा नळ कुणी बसवला होता मुळात?"

"मी," प्लंबर म्हणाला. "का?"

"म्हणूनच."

"अरे, भांडता कसले!" गुरुजी न्हाणीघरातून म्हणाले. भोकावर दोन्ही हातांनी टॉवेल दाबून ते भिंतीला मिठी मारल्यासारखे उभे होते. "आधी कॉक शोधा!"

सुतार करवत घेऊन ओट्याखाली शिरला. कपाट त्यानेच केलेलं, त्यामुळे त्याला विचार करावा लागला नाही. "कॉक उजव्या फळीमागे आहे," तो आतून म्हणाला.

गुरुजी नखशिखांत भिजले होते. चष्म्यातून काही दिसत नव्हतं. घरभर तळं झालं होतं. अशा वेळी माणूस विचार करून बोलत नाही, सवयीने बोलतो.

"नक्की?" त्यांनी ओरडून विचारलं.

ओट्याखालची करवत थांबली.

"थांबा हां," सुतार पुटपुटला. "मी तेव्हा इकडे तोंड करून बसलो होतो... म्हणजे डावी."

डाव्या फळीला चौकोनी भगदाड पडलं. मागे भिंत होती, कोरडी आणि रंगवलेली. मग उजव्या फळीला पडलं. तिथे कॉक होता.

पाणी थांबलं. तिघेही ओल्या जमिनीवर उभे राहून एकमेकांकडे पाहू लागले. सुतार भिजलेलं प्लायवूड उन्हात टाकायला गेला. प्लंबर म्हणाला, "मी जरा सामान घेऊन येतो," आणि तोही गेला.

सामान आणायला गेलेला प्लंबर म्हणजे काय, हे गुरुजींना माहीत होतं. पण या वेळी ते निर्धास्त होते, कारण प्लंबर आपली पिशवी विसरला होता. पिशवी इथे म्हणजे माणूस कुठे जातोय! दुपार गेली, अंधार पडू लागला, तेव्हा त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. आत एक रिकामा डबा होता आणि कुणाच्या तरी घरचा जुना नळ.

तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"नळ झाला का?"

"काम चालू आहे."

"वॉशरचं काम चालू कसं असतं? एक तर झालेलं असतं, नाहीतर नसतं." मग आवाज बारीक झाला. "अहो, तुम्ही काही बोललात का?"

"एकच शब्द बोललो."



"कोणता ते सांगू नका," काकू म्हणाल्या. "मला कळला." मग आणखी हळू आवाजात, "ताई इथे शेजारणीला सांगत होती, महिनाभर राहीन की नाही, ते तिथलं काय काय चालतं ते बघून ठरवीन. मला तिला ठेवून घ्यायचंय हो. एवढंच लक्षात ठेवा."

त्या रात्री गुरुजींनी देवासमोर नाही, पण आरशासमोर उभं राहून ठरवलं की आता तोंड उघडायचं नाही.

शुक्रवारी प्लंबर "गल्लीच्या तोंडाशी आहे" असं चारदोनदा सांगून अखेर आला आणि पाइप जोडून गेला. गुरुजी पूर्णवेळ बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडाला लावून बसले होते. मग फरशा बसवायला गवंडी आला. अबोल माणूस. न्हाणीघराच्या भिंतीवर फुलांच्या फरशा होत्या, देठ खाली आणि फूल वर. गवंड्याने त्याच जातीच्या फरशा हुडकून आणल्या, माप घेतलं, सिमेंट कालवलं आणि देठाला देठ लावून अशा काही बसवल्या की भिंत कधी फुटली होती हे सांगूनही खरं वाटू नये.

"बघून घ्या, गुरुजी," तो म्हणाला. "सुलट्या बसल्यात."

गुरुजी बघायला आले. त्यांचा ऊर भरून आला. त्यांना खरं तर शाब्बास म्हणायचं होतं. पण त्यांच्या तोंडात शाब्बासच्या आधी एक शब्द येत असे, आणि त्या पायरीशिवाय वरच्या मजल्यावर जाता येत नसे.

"नक्की?"

गवंड्याने भिंतीकडे पाहिलं. मान डावीकडे कलती करून पाहिलं, उजवीकडे कलती करून पाहिलं. मग ओल्या सिमेंटमधून तिन्ही फरशा उपटल्या, उलट्या केल्या आणि परत बसवल्या. आता भिंतीवरची बाकीची फुलं उभी होती आणि मधली तिघं शीर्षासन करत होती.

"अरे, आधी बरोबर होतं," असं सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं. पण आता आतून कोणता शब्द बाहेर पडेल याचा त्यांना भरवसा राहिला नव्हता. त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. गवंड्याला वाटलं, गुरुजींना आनंदाने बोलवेना. तो समाधानाने निघून गेला.

शनिवारी दुपारी ताई आल्या. हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि त्यामागून घराची तपासणी करणारी नजर. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या, तर ओट्याखालचं कपाट उघडं होतं.

"याला खिडक्या कशाला गं?"

"हवा खेळायला," काकू गुरुजींकडे न बघता म्हणाल्या.

मग ताई न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या. आत प्लंबर होता. शुक्रवारीही विसरलेली पिशवी न्यायला तो पहिल्यांदाच वेळेवर आला होता आणि जाता जाता पाणी येतंय का ते बघत होता. पाणी येत होतं.

टप. टप. टप.

पाइप जोडला होता, कॉक मोकळा झाला होता, भिंत बुजली होती. या सगळ्या धामधुमीत नळाला मात्र कुणी हात लावला नव्हता.

काकूंनी पदर खोचला. "काय झालंय याला?"

प्लंबरने नळाकडे पाहिलं. "वॉशर गेलाय, काकू," तो म्हणाला आणि भीत भीत गुरुजींकडे बघत थांबला.

गुरुजींचे ओठ हलले. काकूंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. ओठ मिटले.

"मग बदल की," काकू म्हणाल्या.

प्लंबरने वॉशर बदलला. ताईंचा चहा निवायच्या आत नळ गप्प झाला. ताई काठी टेकत आत गेल्या, नळ सोडला, बंद केला, कान देऊन उभ्या राहिल्या. फुलांकडे पाहिलं. बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि पाय लांब करत म्हणाल्या, "फुलं वेंधळी आहेत. पण नळ चालतो. माझी बॅग आत ठेवा."

काकूंच्या घशातला काटा त्या क्षणी निघाला. त्या इतक्या खूश झाल्या की गुरुजींना म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा हात धुऊन घ्या, चहा टाकते." गुरुजी हात धुऊन आले.

"नळ नीट बंद केलात ना?" काकूंनी चहा गाळता गाळता विचारलं.

"केला."

"नक्की?"

काकूंनी सहज विचारलं होतं. त्यांचं लक्ष गाळणीकडे होतं. पण गुरुजी जागच्या जागी उभे राहिले. नळ त्यांनी बंद केला होता. स्वतःच्या हाताने केला होता. थेंब पडत नव्हता, हेही कानाने ऐकलं होतं. तरी तो शब्द कानात शिरताच त्यांना वाटू लागलं की अठ्ठावीस नसेल, एकोणतीसच असेल.

ते परत न्हाणीघरात गेले. नळ बंदच होता. खात्रीसाठी त्यांनी तो किंचितसा आणखी आवळला. मग आणखी किंचितसा.

कट्.

बाहेर दारात प्लंबर चपला घालत होता. आतून पाण्याचा फवारा आणि पाठोपाठ गुरुजी बाहेर आले, चष्म्यासकट भिजलेले, हातात नळाची मूठ. ताईंनी खुर्चीतून मान वळवली. काकू गाळणी घेऊनच धावत आल्या.

"कुणी तोडला?" काकूंनी विचारलं. "आत्ता तर चालत होता! याने काही नीट बसवलं नसेल."

"नाही," गुरुजी म्हणाले. "मी तोडला."

प्लंबरचा त्या दोन शब्दांवर विश्वासच बसेना. इतक्या वर्षांत त्याला असं सांगणारा घरमालक भेटला नव्हता.

"नक्की, गुरुजी?" त्याने विचारलं.

गुरुजींनी पाणी ठिबकणाऱ्या मुठीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि मान ताठ केली.

"नक्की."

"शाब्बास!" खुर्चीतून ताई म्हणाल्या. मग काठीने स्वयंपाकघराकडे खूण करत त्यांनी प्लंबरला सांगितलं, "कॉक खिडकीत आहे रे. उजव्या."

प्लंबरने चपला पुन्हा काढल्या.